मुलांसाठी मराठी पुस्तकं सुचवा: विशेषतः सहावी ते दहावी, शक्यतो गेल्या पंधरा-वीस वर्षांतली

निळी_शाई

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाच्या बालविभागाचं काम यंदा माझ्याकडे आलंय. गाव संगमेश्वर तालुक्यातलं. वाचनालय जुनं, इमारत धड आहे, पण मुलांचं कपाट बघवत नाही. वरच्या फळ्यांवर इसापनीती, बिरबल, पंचतंत्र यांच्या पातळ पुस्तिका आणि प्रत्येक गोष्टीखाली ठळक अक्षरांत तात्पर्य. खालच्या फळीवर पुठ्ठे निघालेली थोरामोठ्यांची चरित्रं. मधली फळी कॅरमच्या सोंगट्या आणि जुन्या वह्यांनी भरलेली.

देवघेवीची वही चाळताना एक गोष्ट लक्षात आली. तिसरी-चौथीची मुलं भराभर पुस्तकं नेतात, पाचवीत ओघ कमी होतो आणि सातवीनंतर नावंच दिसत नाहीत. तीच मुलं बारावी झाली की स्पर्धा परीक्षांची पुस्तकं मागायला येतात. मधल्या वर्षांत त्यांच्या हातात ठेवावं असं आपल्या कपाटात काही नव्हतंच. त्यामुळे 'हल्लीची मुलं वाचत नाहीत' हे वाक्य मी मान्य करत नाही.

एका देणगीदारांनी फक्त मुलांच्या पुस्तकांसाठी १५,००० रुपये दिलेत. दिवाळीच्या सुट्टीआधी खरेदी करायची आहे. कृपया पुस्तकाचं नाव, साधारण वय आणि आत काय आहे ते लिहा. स्वतः वाचलेलं किंवा एखाद्या मुलाला रंगून वाचताना पाहिलेलंच सुचवा.

मोगरा

धाकट्यांपासून सुरुवात करते, कारण सातवीची सवय दुसरीत लागते.

माधुरी पुरंदरे डोळे मिटून घ्या. 'राधाचं घर' हा संच (घरातल्या एकेका माणसावर एकेक छोटं पुस्तक), 'यश' मालिका, 'शाम्याची गंमत', 'बाबांच्या मिश्या'. सगळी ज्योत्स्ना प्रकाशनाची. शब्दही त्यांचे आणि चित्रंही त्यांचीच, त्यामुळे चित्र म्हणजे मजकुराची शोभा असं होत नाही, निम्मी गोष्ट चित्रातच असते. लेकीच्या वर्गातल्या एका मुलाचा हात प्लास्टरमध्ये होता. मी त्याला यश मालिकेतलं 'हात मोडला' दिलं. तो ते पुस्तक दुसऱ्या हाताने छातीशी धरून अख्ख्या सोसायटीला दाखवत फिरला. त्याच्यावर कुणीतरी पुस्तक लिहिलंय असंच त्याला वाटत होतं.

अगदी लहानांसाठी 'चिकूपिकू' मासिकाची वर्गणी भरा. दर महिन्याला नवीन काहीतरी आलं की मुलं आपणहून विचारायला येतात.

गुरुजी_अंबड

निळी ताई, वहीतलं निरीक्षण अचूक आहे. जालना जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी हेच बघतो. कारण मात्र थोडं वेगळं सांगतो.

बाराव्या वर्षी मुलाला काय कळतं आणि त्याला काय वाचता येतं, यांत मोठं अंतर पडलेलं असतं. सहावीतल्या पोराला गाव, पैसा, भांडण, मरण सगळं कळतं. पण सलग वाचण्याची सवय नसल्यामुळे वाचनाचा वेग तिसरीतलाच राहतो. मग आपण त्याच्या वेगाला साजेसं पुस्तक देतो. त्यात ससा आणि कासव असतं, आणि त्याला अपमान वाटतो. उलट त्याच्या समजेला साजेसं पुस्तक जाडजूड असतं, ते तो दहाव्या पानावर सोडतो. हे अंतर मिटवायचा मला माहीत असलेला रस्ता एकच आहे. जाड पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचं. रोज वीस मिनिटं आणि ऐन रंगात आलं की थांबायचं. पुढचं वाचायला पोरं पुस्तक पळवतात.

अशा वाचनासाठी माझी पहिली शिफारस ल. म. कडू यांचं 'खारीच्या वाटा'. २०१७ चा साहित्य अकादमी बालसाहित्य पुरस्कार याला मिळाला. धरणात जाणारं गाव एका पोराच्या नजरेतून दिसतं. झाडं, ओढा, घरातली माणसं, आणि मग हे सगळं सोडून जायचं आहे हे हळूहळू कळत जाणं. आमच्याकडे धरणग्रस्त नाहीत, पण दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला जाणारी पोरं आहेत. इतर गोष्टींना चुळबुळ करणारी ही पोरं गाव सुटण्याचा भाग वाचताना जागची हलत नाहीत. वाचून झाल्यावर मी काहीही विचारत नाही. 'यातून काय शिकलात' हा प्रश्न विचारला की पुढच्या वेळी निम्मा वर्ग ऐकायचं सोडून उत्तर शोधत बसतो.

दुसरं 'वाचू आनंदे'. संपादन माधुरी पुरंदरे यांचंच. बालगटाचे दोन आणि कुमारगटाचे दोन असे चार भाग आहेत. चांगल्या मराठी लेखकांचे उतारे, कविता आणि सोबत भारतीय कलेतली चित्रं. कुमारगटाचे दोन्ही भाग नक्की घ्या. उतारे लहान असल्याने हळू वाचणाऱ्यालाही एक पूर्ण तुकडा संपवल्याचं समाधान मिळतं. आवडलेल्या उताऱ्याचं मूळ पुस्तक मागायला येणारं मूल म्हणजे तुमचा पुढचा वाचक.

जुने_पान

नव्याच्या नादात जुनं अडगळीत टाकू नका एवढीच विनंती. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही मिळतो. फुरसुंगीचा तो किडकिडीत बन्या सायकलवरून जिथे जातो तिथे भानगडीत सापडतो आणि डोकं चालवून बाहेर पडतो. वाक्यं छोटी, वेग तुफान. ताम्हनकरांचा 'गोट्या', प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे', शांताबाईंनी मराठीत आणलेली 'चौघीजणी', राम पटवर्धनांचं 'पाडस', वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. यांच्या तोडीचं गेल्या पंधरा वर्षांत काय आलंय ते कुणीतरी सांगावं, मी आनंदाने वाचेन.

चाफेकळी

जुने पान काका, मी नववीत आहे म्हणून लिहिते. फास्टर फेणे मला पाचवीत खूप आवडला होता. 'पाडस' मागच्या मे महिन्यात वाचलं. ज्योडी आणि त्याच्या हरणाचं शेवटी काय होतं ते वाचून मी रात्री जेवले नाही. त्यामुळे जुनी पुस्तकं वाईट असं माझं मुळीच म्हणणं नाही.

पण मोठी माणसं पुस्तक देताना 'हे फार चांगलं आहे, वाच' एवढंच म्हणतात. आत काय घडतं ते सांगतच नाहीत. 'एका मुलाने वाढवलेलं हरीण घरचं पीक खायला लागतं, आता त्या मुलाने काय करायचं?' असं कुणी सांगितलं असतं तर मी ते सहावीतच वाचलं असतं.

मला आवडलेली:

सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा. अशोक जैन यांनी मराठीत आणलाय, रोहन प्रकाशनाची छोटी छोटी पुस्तकं आहेत. एक संपलं की दुसरं. गोष्ट सांगणारा तोपशे आमच्याच वयाचा आहे.

प्रकाश नारायण संतांचा लंपन. 'वनवास'पासून सुरू करावं. पहिली काही पानं भाषेमुळे अडखळायला होतं, कारण तो बेळगावकडचं मराठी बोलतो. नंतर तीच भाषा डोक्यात बसते.

मिलिंद बोकील यांचं 'शाळा'. यातली मुलं नववीतलीच आहेत.

एक सूचना. आमच्या वाचनालयात मुलांच्या पुस्तकांवर कव्हरच्या मधोमध 'बालविभाग' असा जांभळा शिक्का मारतात. आठवीतलं कुणीही असं पुस्तक हातात घेऊन रस्त्याने जाणार नाही. शिक्का आतल्या पानावर मारा.

निळी_शाई

चाफेकळी, शिक्क्याचं उद्याच बदलते. आणि तुमची पुस्तकं बालविभागात न ठेवता 'कुमार' अशी वेगळी फळी मोठ्यांच्या कपाटालगत करते. बालविभागाच्या छोट्या खुर्च्यांमध्ये तुम्हाला बसवत नाही.

सावली

'शाळा' चांगली कादंबरी आहे, पण ती मुलांसाठी लिहिलेली नाही. त्यातली भाषा, मुलींबद्दलचं बोलणं, शिक्षकांविषयीचं बोलणं... गावच्या वाचनालयात ठेवल्यावर एखाद्या पालकाने पान उघडून जाब विचारला तर निळी ताईंना त्रास होईल. माझी मुलगी आठवीत आहे. मी अजून दिलेलं नाही.

गुरुजी_अंबड

सावली ताई, तुमची काळजी रास्त आहे आणि आठवीला थांबायचं की नाही हे घरच्यांनीच ठरवावं. पण नववी-दहावीच्या मुलांना ते द्यावं असं मी ठामपणे म्हणेन. आणीबाणीच्या काळातला निमशहरी वर्ग, मित्र, एका मुलीविषयीची ओढ आणि तिच्याशी बोलताना होणारी तारांबळ. या वयातल्या मनाचं इतकं खरं चित्रण मराठीत फार थोड्या ठिकाणी आहे. मुलं वर्गात बोलतात ती भाषा त्यांनी पुस्तकात वाचली म्हणून ती बिघडत नाहीत. उलट आपल्याला जे होतंय ते इतरांनाही होतं, हे कळून मोकळी होतात. फोनवर याच विषयाचं जे काही त्यांच्यापुढे येऊन पडतं, त्यापेक्षा हे शंभर पटींनी माणुसकीचं आहे.

मोगरा

गुरुजींना अनुमोदन. 'कुमार' फळीवर ठेवलं की हा प्रश्न बराचसा सुटतो.

रानपिंगळा

गोष्टीच न आवडणारी मुलं तुम्ही सगळे विसरलात. कोकणात तर अशी पोरं घरोघर. कांडेचोर कुठल्या झाडावर आहे, फुरसं आणि धामण यांत फरक काय, खेकडे कुठल्या रात्री बाहेर पडतात, सगळं पाठ. पण वाचायला बसवलं की जांभया. त्यांना जंगलाची पुस्तकं द्या.

विलास मनोहर यांचं 'नेगल' सगळ्यांत आधी. हेमलकशाला आमटे कुटुंबाने वाढवलेले बिबटे, अस्वलं, साप आणि त्यांच्यासोबत राहणारी माणसं. प्राणी पाळीव झाला तरी त्याचा स्वभाव जंगलीच राहतो, हे त्यांनी लाड न करता लिहिलंय. सातवीपासून पुढे कुणीही वाचेल.

कृष्णमेघ कुंटे यांचं 'एका रानवेड्याची शोधयात्रा' नववी-दहावीला. परीक्षेत अपयश आलेला एक मुलगा मदुमलाईच्या जंगलात जाऊन राहतो, हत्ती आणि झाडं बघत हिंडतो. दहावीच्या वर्षात हे वाचायला मिळणं किती मोठी गोष्ट आहे ते ज्याला कमी गुण पडले त्यालाच कळेल. माझ्या भाच्याला मी निकालाच्या दिवशी हे दिलं. दोन दिवस तो कुणाशी बोलत नव्हता, मग जेवताना एकदम हत्तींच्या कळपाविषयी सांगायला लागला.

धाकट्यांना सलीम मुल्ला यांचं 'जंगल खजिन्याचा शोध'. २०१९ चा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार. लेखक वनखात्यात नोकरी करणारे, त्यामुळे झाडाझुडपांची माहिती कुठून तरी आणून चिकटवल्यासारखी वाटत नाही.

आणि पक्ष्यांची ओळख करून देणारं एक मराठी सचित्र पुस्तक टेबलावरच ठेवा, घरी देऊ नका. त्याच्याभोवती पोरं जमतात आणि भांडतात. असू द्या, भांडू द्या.

निळी_शाई

रानपिंगळा, तुम्ही आमच्या गावातली अर्धी मुलं वर्णन केलीत. मनापासून आभार.

राईनकाठ

मी जर्मनीतून लिहितेय. इथे आम्ही शनिवारी मराठी शाळा चालवतो. गुरुजींनी सांगितलेलं अंतर आमच्याकडे आणखी मोठं आहे. बारा वर्षांचा मुलगा जर्मन आणि इंग्रजीत सहाशे पानांच्या अद्भुत कादंबऱ्या फस्त करतो, आणि मराठीत जोडाक्षर आलं की थांबतो. त्याला 'राधाचं घर' दिलं तर तो म्हणणार, हे बाळाचं आहे.

आमच्याकडे चाललेले उपाय लिहिते. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही हे लागू पडतील, कारण २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं झालं तरी आवड त्याने लागत नाही.

पहिला, हेर आणि भुतं. या दोन विषयांत वेग आपोआप वाढतो, कारण पुढे काय झालं हे कळल्याशिवाय राहवत नाही. भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला' (२०२४ चा अकादमी पुरस्कार) याच जातीचं आहे. फेलूदाला माझंही मत.

दुसरा, रोजनिशी. संगीता बर्वे यांची 'पियूची वही' (२०२२ चा पुरस्कार) एका मुलीने लिहिलेली वही आहे. एका बैठकीत एकच नोंद वाचायची. आमच्या दोन मुलींनी ती वाचून स्वतःची मराठी वही सुरू केली. चुका मी दुरुस्त करत नाही, त्यांनी विचारलं तरच सांगते.

तिसरा, फुकट मिळणारं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीत पुष्कळ सचित्र पुस्तकं आहेत, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेली, छापून घेतली तरी चालतात. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. आणि 'किशोर'! बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक त्यांनी संकेतस्थळावर मोफत ठेवलेत. त्या अंकांतली मुखपृष्ठंच मुलं तासभर बघत बसतात.

जुने_पान

'खारीच्या वाटा' मागवलं, वाचून झालं. पुस्तक फार मोलाचं आहे. बन्याची सर त्याला नाही असं म्हणणार होतो, पण दोघांची तुलनाच चुकीची. एक धावायला लावतं, एक थांबायला लावतं. गुरुजींचा ऋणी आहे.

चाफेकळी बाळ, तुझ्याकडून फेलूदाही घेतोय.

पुस्तकवाला_कोल्हापूर

माझं मुलांच्या पुस्तकांचं छोटं दुकान आहे, म्हणून खरेदीपुरतं लिहितो.

ताई, पंधरा हजार एकदम खर्च करू नका. दहाची आत्ता खरेदी करा, पाच हातात ठेवा. पहिल्या दोन महिन्यांत कुठली पुस्तकं परत येत नाहीत, कुठल्यांची वाट बघत मुलं उभी राहतात, ते वहीत दिसेल. त्यांच्या दुसऱ्या प्रती घ्या. एका गाजणाऱ्या पुस्तकाच्या तीन प्रती या न हलणाऱ्या तीन पुस्तकांपेक्षा वाचनालयाला जास्त उपयोगी, कारण मित्रामित्रांनी एकाच वेळी वाचलं तरच त्यावर गप्पा होतात.

नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं स्वस्त असतात. त्यातलं 'तोत्तोचान' (अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी) घ्याच. रेल्वेच्या डब्यांत भरणारी तोमोए शाळा आणि खिडकीत उभी राहणारी ती मुलगी पाचवीच्या मुलालाही आवडते आणि त्याच्या बाईंनाही. पातळ चित्रपुस्तकांना पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर पहिल्याच दिवशी घाला, शिवण सुटायच्या आधी.

ग्राहक म्हणून येणाऱ्या पालकांविषयी एक सांगतो. दुकानात मूल एक पुस्तक उचलतं आणि आई-बाबा ते ठेवायला लावून 'माहितीपूर्ण' काहीतरी हातात देतात. रोज घडतं. मूल त्या क्षणी गप्प बसतं आणि पुढच्या वेळी काही उचलतच नाही. वाचनालयात तरी त्याला स्वतः निवडू द्या. तीन पानं वाचून परत आणून दिलं तरी काही बोलू नका.

कवितांचं कुणी लिहिलं नाही. एकनाथ आव्हाड यांचा 'छंद देई आनंद' आणि सुरेश सावंत यांचा 'आभाळमाया', दोन्ही अलीकडचे अकादमी पुरस्कारप्राप्त संग्रह आहेत. गॅदरिंगच्या आधी मुलं आपण होऊन मागतात.

सावली

विज्ञानकथा राहिल्या. जयंत नारळीकरांचं 'प्रेषित' आणि 'यक्षांची देणगी' आठवी-नववीला. माझ्या मुलीला गणिताची भीती होती, पण या गोष्टींसाठी ती शब्दकोश घेऊन बसली. नारळीकर २०२५ मध्ये गेले, त्यानंतर तिच्या शाळेत मुलांनीच त्यांच्या कथांचं वाचन ठेवलं होतं.

आणि हो, 'शाळा' मी पुन्हा वाचायला घेतलंय. आधी मी, मग तिच्याशी बोलून ठरवेन.

निळी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. समितीसमोर यादी ठेवली, मंजूर झाली. पहिल्या खेपेत हे घेतेय: राधा आणि यशचे संच, 'वाचू आनंदे' चारही भाग, 'खारीच्या वाटा' तीन प्रती (आमच्या शेजारच्या वाडीत धरणामुळे उठून आलेली कुटुंबं आहेत, ती मुलं काय म्हणतात ते ऐकायचंय), 'पियूची वही', 'समशेर आणि भूतबंगला', 'जंगल खजिन्याचा शोध', फेलूदाची पहिली चार, 'वनवास', 'नेगल' दोन प्रती, 'रानवेडा', 'पाडस', 'तोत्तोचान', 'प्रेषित' आणि दोन्ही कवितासंग्रह. 'शाळा' कुमार फळीवर. चिकूपिकू आणि किशोर यांची वर्गणी वेगळी भरतोय. साधना साप्ताहिकाचा बालकुमार दिवाळी अंक आला की त्याच्या दहा प्रती घेऊ, तो स्वस्तही असतो.

शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेपाच मोठ्याने वाचन सुरू करतेय. पहिलं पुस्तक गुरुजींनी सांगितलेलंच.

एक प्रश्न अजून आहे. आठवीपासून पुढच्या मुली संध्याकाळी वाचनालयात येत नाहीत. घरचं काम, आणि अंधार पडल्यावर घरचे सोडत नाहीत. त्यांच्यापर्यंत पुस्तक कसं न्यायचं?

गुरुजी_अंबड

शाळेतच पेटी ठेवा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना २००९ पासून अशाच पेट्यांवर चाललीय. पुस्तकांची एक पेटी एका गटाकडे, काही महिन्यांनी ती पुढच्या गटाकडे. तुम्ही हायस्कूलच्या मुख्याध्यापकांशी बोला, पेटीची चावी आणि नोंदवही नववीतल्या दोन मुलींकडेच द्या. बाईंकडे नको. मुलीच वाटतील, मुलीच परत गोळा करतील.

चाफेकळी

आणि ताई, त्या पेटीत 'चौघीजणी' टाका. एकच नको, दोन प्रती टाका. आमच्या वर्गात एकच होती, माझा नंबर यायला सहामाही उजाडली.